सातऱ्यावरून

भिवापूरची पहिली बस उमरेड ओलांडते
तरी नाकातला ठसका उतरत नाही.
माझ्या पिशवीत पावशेर मिरची,
देठ खुडलेली.
मायचे हात देठासकट
काही देऊच शकत नाहीत कोणाला.

सातऱ्यावर शंभर बाया, तोंडाला पदर,
एकीचा खोकला सुटला की ओळीनं सगळ्यांचा.
संध्याकाळी हात गोडेतेलात, मग राखेत, मग ताकात,
तरी रात्री लेकराच्या डोळ्याला बोट लागू नये
म्हणून ती मुठी वळून झोपायची.
आम्हाला वाटायचं, स्वप्नात भांडते कोणाशी तरी.

आणि कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली,
जिथं घाम बारा महिने बिऱ्हाड करून असतो,
तिथं नायटा.
आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा,
मधून कोरा, कडेनं जागा.
इंगोलेच्या दुकानातली ट्यूब लावली की विझायचा,
ट्यूब संपली की दुप्पट.
"हातायले काहून नाही होत वं हा?
मिरचीले भेते का नायटा?"

हा प्रश्न मी अर्जात लिहिला नाही.
लिहिलं: तिखट फळांतील संयुगांचा
त्वचेवरील बुरशीवर होणारा परिणाम.
गेडाम मॅडमनी सही केली.

नागपुरात तेव्हा सेहेचाळीस.
बुरशीला मात्र अठ्ठावीस अंश लागतात,
म्हणून तिला थंड कपाट,
आम्हाला पाणी संपलेला कूलर.
मी मिरची वाटली, अल्कोहोलात भिजवली, गाळली,
कागदाच्या टिकल्या त्यात बुडवून
बशीतल्या पांढऱ्या कापसावर ठेवल्या.
दहाव्या दिवशी एका टिकलीभोवती
स्वच्छ, रिकामा गोल.
कोणी अंगण सारवून ठेवावं तसा.

गंमत अशी की ती टिकली झोंबणाऱ्या अर्काची नव्हती.
झोंबणाऱ्याचा गोल नखाएवढा.
हा दुसराच कोणी, बेचव,
पाण्यात हलवला तर साबणासारखा फेसणारा.
आयुष्यभर जिचा जाळ सोसला
तिच्या पोटात हा गरीब पाहुणा राहत होता,
कोणी नावही विचारलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतला शहारे
काळ्या आजाराचे परजीवी पाळतो.
त्यानं माझ्या बाटलीतले चार थेंब नेले.
म्हणाला, शेपट्या मंदावल्यात.
पण शहारेचं लग्न ठरलंय,
त्याला सध्या सगळंच बरं दिसतं.

मग मॅडमनी तोच अर्क माणसाच्या त्वचेच्या पेशींवर टाकला.
त्याही मेल्या.
बुरशीइतक्याच मुकाट.
मॅडम म्हणाल्या, मारणं सोपं असतं गं,
कोणाला सोडायचं हे औषधाला शिकवावं लागतं.
वर्षं जातात.

हे मी फोनवर सांगायला हवं होतं.
मी फक्त गोलाचं सांगितलं होतं.

शनिवारी घरी गेले तर माय एका कुशीवर.
बिया वाटून, तेलात कालवून, तिनं कमरेला लावल्या होत्या.
फोड आले होते, बशीएवढे,
आणि फोडांच्या बाहेर, लाल कडेनं,
नायटा जागाच.
"मरते म्हणे ना मिरचीनं?"
मी दही लावत राहिले.
"तुह्या बशीले दुखत नाही न,"
ती भिंतीकडे बघत म्हणाली,
"म्हणून तिले लवकर गुण येते."

सोमवारी मेयोत त्वचेच्या खिडकीपुढे दीड तास.
माय बाकावर, मुठी वळून.
डॉक्टर पोरगी माझ्याच वयाची.
हे कशानं भाजलं, तिनं विचारलं,
कोणी सांगितलं होतं लावायला?

मी तोंड उघडलं.
"कोनी नाही," द्रुपदा मेश्राम म्हणाली,
"सातऱ्यावरून आली मी, बाई.
तिथं उडतेच."