हिराकस

इथे तिला हिराकस म्हणत नाहीत.
लॉफ्टसच्या बागकामाच्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर,
पुड्यावर हिरवळीचं चित्र : शेवाळ मारायची पूड.
साडेचार पौंडांना दीड किलो.

शेडमध्ये कोमट पाण्यात विरघळवली,
कॉफीच्या कागदातून दोनदा गाळली,
चार थेंब आम्ल,
आणि बशीवर ताटली उपडी घालून
रेडकारला रात्रपाळीला गेले.
वॉर्डात हेच लोह मी वाटते,
गोळीत, साखरेच्या कवचाआड,
हवेच्या नजरेपासून झाकलेलं.

सकाळी खडे.
कैरीसारखे, म्हणणार होते, पण कैरी गडद.
लाटांनी घासलेली बाटलीची काच असते ना, तसे.
एक उजेडात धरला
आणि उगाच वाटलं, कुणाला तरी दाखवावा.

दाखवायला गारबट. शेजारी, वय ब्याऐंशी,
बाप लोहदगडाच्या खाणीत.
त्यानं चष्मा वर सरकवला :
"रविवारपर्यंत नाही टिकायचं."

शनिवारीच कडा गेल्या.
आधी पिठूळ, मग जुन्या नखासारखं पिवळं,
मग तो तपकिरी, जो फरशीवर असतो, नळाखाली असतो,
आणि सॉल्टबर्नच्या ओढ्यातही :
बंद खाणीतलं पाणी
अजून उजेडात येतं आणि लाल होतं.

दुसरी खेप मी स्पिरिटनं धुतली,
जांभळ्या, नाक जाळणाऱ्या.
टीपकागदात दाबली, बुचाला मेण लावलं.
गळ्याशी बोटभर हवा उरली होती.
तिला तेवढी पुरली.

"पाण्यातच ठेव," गारबट म्हणाला,
"आणि एक खिळा टाक आत, घासून.
खिळा झिजेल. पाणी हिरवं राहील."
मग बराच वेळ आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिला.

ऑक्टोबरात त्यानं कोटाच्या खिशातून
ओकच्या गाठी माझ्या टेबलावर ओतल्या,
सुपारीएवढ्या, प्रत्येकीला एक भोक,
आतला किडा केव्हाच उडालेला.
कुटल्या, भिजवल्या,
वर माझं खिळ्याचं पाणी.

कोठीत डोरीनच्या मुरंब्याच्या सात बरण्या.
चिठ्ठ्या उन्हानं कोऱ्या झालेल्या.
बरण्या उघडायच्या नव्हत्या त्याला,
फक्त अक्षर परत हवं होतं.

टाक बुडवून तो लिहीत गेला, हात कापत होता,
आणि कागदावर जेमतेम
धुवट पाण्याचा ओरखडा.
"उमटलंच नाही," मी म्हटलं.
"थांब."

चहा झाला. थेंबभर शाई त्याच्या कपात सांडली,
चहा पार काजळला, तो हसला, ओतून आला.
तोवर शब्द वर येत होते,
राखाडी, निळसर, मग काळे,
ज्या हवेनं माझे खडे खाल्ले
तिच्याच हातून :

डॅमसन. सप्टेंबर. साखर कमी.

मी त्याला आमचा शब्द शिकवला.
"हीराकॅस," तो म्हणतो, "हे तुमच्या कुणा मुलीचं नाव वाटतं."

बाटलीत खिळा आहे अजून.
सुईएवढा.
उद्या दुसरा टाकायला हवा.