दव असेतो

बाबाच्या डोळ्यांत सायीसारखं काही साचत गेलं,
तीन वर्षं.
आधी गेला पिवळा.
मेस्केरमच्या महिन्यात वरचा उतार कारळ्यानं फुलला,
शेजारच्या पोळ्यांतल्या माशा वेड्या झाल्या,
आणि बाबानं विचारलं,
"यंदा ढग एवढे खाली कसे?"
"फूल आलंय," मी म्हटलं.
"हां, वास आला."
कारळ्याच्या फुलाला सांगण्यासारखा वास नसतो.

तरी नांगर त्यानंच धरला होता.
दालेचा बैलाला तास पाठ, बाबाला दालेचाचं चालणं.
खाली टेफाच्या रानात पाच पाळ्या,
मग गुरं नाचवून केलेला चिखल,
आणि त्यावर उघडायची मूठ.
बी इतकं बारीक
की चिमूटभर सांडलं तर सांडलं हेही कळू नये.
पेरणं बाप्यांचं. बी मी मोजून द्यायचं,
मूठ त्याची.
बांधाच्या कडेनं मात्र चहूकडून कारळं:
गुरं त्याला तोंड लावत नाहीत,
अंगणात पोरं खेळावीत आणि दारात
कडवट म्हातारी बसावी, तसं.

ताहसास लागला. टेफ गंजीला गेलं.
उतारावर कारळं तेवढं उभं.
बाबानं एक बोंड खुडलं, कानाशी हलवलं.
"अजून ओलं बोलतंय. परवा."
तीस वर्षांत त्याचा परवा चुकला नव्हता.

पण मला बोंडांच्या टोकांवरचं तपकिरी दिसत होतं,
आणि खालच्या एका पानावर
दोन काळे दाणे.
अबायच्या दरीतून कोरडा वारा वर चढत होता.

बापाला चुकलास म्हणायचं कसं,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.
मी मुचेकडे गेले, इर्जिक मागितली,
एक घडा तल्ला कबूल केली.

पहाटे पाच जण. कुणी बोलेना.
दव असेतो कापायचं.
ओलं बोंड मुठी मिटून असतं,
ऊन लागलं की देऊन टाकतं सगळं, मातीला.
विळा ओढायचा, हिसका द्यायचा नाही.
पेंढी खांद्यावर फेकायची नाही,
झोपलेलं मूल
एका बाजेवरून दुसऱ्या बाजेवर न्यावं
तशी न्यायची.

अर्धा उतार झाला आणि काठीचा आवाज आला.
विळे थांबले.
बाबा आला, बसला,
धसकटांतून हात फिरवत राहिला.
काहीतरी वेचत होता, या हातातून त्या हातात.
समोरच्या डोंगरावर ऊन उतरायला लागलेलं.
मुचे माझ्याकडे बघेना.

"अकरा," बाबा म्हणाला.
"हात पोचला तेवढ्यात अकरा."
मग बऱ्याच वेळानं,
"परवा ओंजळ भरली असती."
आणि मग ओरडलाच,
"उभे काय राहिलात? दव चाललंय!"

खळं सारवलं. काठ्यांनी झोडपलं.
उफणायच्या दिवशी वारा पडला,
आणि ज्याच्या भीतीनं रात्र घाबरी झाली होती
त्यालाच आम्ही शीळ घालून बोलावत बसलो.
दुपारी आला, रुसल्यासारखा.
सुपाखाली रास वाढत गेली, काळी, बारीक, चकचकीत.
बाबानं त्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि तसाच ठेवला.
बाहेर काढला तेव्हा दाणे केसांना चिकटलेले.
ते त्यानं झटकले नाहीत.

रात्री भाकरीच्या वेळी
त्यानं माझ्यापुढे एक पुरचुंडी सरकवली.
गाठ सोडली तर आत अकरा दाणे.
"हे वेगळे पेर, अस्नाकू."

पेर, म्हणाला.
मोजून दे, म्हणाला नाही.