एका कान्याचा फरक

कोलवाळच्या तुरुंगात साबण उघडा न्यावा लागतो.
शिपाई त्यात सळई खुपसतो, आरपार,
मग नाकाशी धरतो.
लिंबाचा वास.
नऊ वर्षं झाली, त्याला दुसरा वास आलेला नाही.

आज वहीत चार नावं.
दुनीचंद, कुलूकडचा,
बोलता बोलता अजून थंडी वाजल्यासारखे हात चोळतो.
हडफड्याचा इनासियो. खुरसामागे तीन झाडं लावली होती,
पंचनाम्यात मुळंही तोलली, मुळांची ओली मातीही.
एकाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, तो हसतो.
आणि दिबाकर, शॅकवर ताटं विसळायचा.
पुडी गिऱ्हाइकाची होती, खिसा त्याचा.
गिऱ्हाईक एव्हाना आपल्या देशात
दारातला बर्फ उकरत असेल.

लोक विचारतात, बाय, तूं ओडटा गो?
नाही. मला धूर सोसत नाही.
माझा भाऊ फेणीने गेला,
परवान्याच्या दुकानातली, उधारीची नोंद होती पानभर.
तिचा पंचनामा कुणी केला नाही.

दिबाकरला जामीन मिळून सात महिने झाले.
कागदावर तो सुटलेला आहे.
हमीदार इथलाच हवा,
एक-चौदाचा उतारा हवा, त्यावर स्वतःचं नाव हवं.

शाळेत देसाईबाई म्हणायच्या, कान्याकडे लक्ष द्या.
देते आहे, बाई.
जमिनीत एक गज उभा रोवला
की जामीन होतो.

टेकडी विकलेल्या भाटकाराने चहा दिला, साखर जास्त.
म्हणाला, काम चांगलं आहे तुमचं,
पण नाव नको.
दुसऱ्याने कुत्रा बांधलाच नाही.
माझं घर भाड्याचं. मी स्वतः कुणाला पुरत नाही.

शेवटी म्हापशाच्या बाजारात
सेबास्तियानाने चोरिसांच्या माळा बाजूला सारल्या,
टोपलीखालून प्लास्टिकची पिशवी काढली.
हांव ताका वळखना, ती म्हणाली,
पूण म्हजोय पूत बोटीर आसा,
परक्या उदकांत.
मग ताबडतोब गिऱ्हाइकाशी भाव करू लागली.

कोर्टात कारकुनाने उतारा उलटला,
थांबला,
नाकाशी नेला.
व्हिनेगर, मी म्हटलं. लसूण. मिरची.
त्याने शिक्का मारला. बहुधा भूक लागली असावी.

संध्याकाळी दिबाकर बाहेर आला.
जमा केलेल्या चपला सापडल्या नाहीत,
दुसऱ्या कुणाच्या दिल्या होत्या, मोठ्या.
पोदेराच्या सायकलवरून मी दोन उंडे घेतले.
त्याने एक खाल्ला,
दुसरा शर्टात ठेवला
आणि लगेच बाहेर काढला, माझ्याकडे बघत.

रस्ता रुंद होता, रिकामा.
तो कुंपणाला चिकटून चालत होता.
मी काही बोलले नाही.

पुलापाशी फोन वाजला.
मोरजीहून कुणाची तरी बहीण, रडत नव्हती,
फक्त विचारत होती
आत काय काय नेऊ देतात.
साबण, मी म्हटलं.
वेष्टन काढून आण.