खळं

माती हवी म्हटल्यावर झेंड्यांनी विचारलं, कुठली?
अंजिराखालची काळी, की बांधाकडची मुरमाड?
मी म्हटलं, फवारणीचा पंप धुता ना,
तिथली.
ते जरा ओशाळले.
नळाखालच्या त्या हातभर तुकड्यावर
हरळीसुद्धा नव्हती.

एसटीत मांडीवर श्रीखंडाचा रिकामा डबा,
आत अर्धा किलो माती.
दिवे घाट उतरताना शेजारची बाई म्हणाली,
प्रसाद वाटतं?
मी हो म्हटलं. काय सांगणार.

मग महिनाभर शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत
मी त्यांना उपाशी ठेवलं.
साखर नाही, पेप्टोन नाही,
पानात फक्त ते औषध
(विषाला आपण औषधच म्हणतो,
पोटच्या पोराला विचारावं तसं विचारतो:
औषध मारलंस का?)
जगायचं तर हेच खा.
बहुतेक मेले.
त्यात एका शनिवारी वीज गेली,
उबवणपेटी गार पडायला लागली,
तर तांबोळीमामांनी तिच्याभोवती
जुने ॲप्रन गुंडाळले,
विरजणाच्या पातेल्याला गुंडाळावेत तसे.

सोमवारी दुधाळ थाळीवर एक ठिपका,
मोहरीएवढाही नाही,
आणि त्याच्या सभोवती
स्वच्छ, आरपार दिसणारा गोल.
तेवढ्यातलं संपलेलं.

मामा वाकून बघत म्हणाले, चंद्राला खळं पडलंय.
मला दुसरंच खळं दिसत होतं,
सारवलेलं, मधोमध तिवडा,
आणि कुणाला न दिसणारे बैल
गोल गोल फिरत
रेणूंच्या पेंढ्या तुडवताहेत.

भागवतबाई म्हणाल्या, हुरळू नकोस, भूस बघ.
बघितलं.
मोडलेल्या विषाचा एक तुकडा उरतो मागे,
तो त्यांनाही पचत नाही.
काचेतलं शेत आणि खरं शेत
यांच्यामध्ये अख्खा दिवे घाट आहे.

तरी संध्याकाळी न राहवून फोन केला.
झेंडे ऐकत राहिले.
नाव काय त्याचं?
अजून नाही, नुसता नंबर आहे. चौदा.
म्हणजे आमच्या पंपाच्या पाण्यावर पोसलंय ते?
हो. त्याला तेच खायची सवय लागलीय.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग अगदी साधेपणानं विचारलं,
मग आता पंप तिथंच धुऊ,
की नको?

मी थाळी उजेडाकडे धरली.
फोनमध्ये त्यांचा नळ ठिबकत होता.