भरतीच्या पातळीखाली

आमचं वाशी भरतीच्या पातळीखाली आहे,
हे मला शाळेच्या आधी बाबांनी शिकवलं.
खाडीला बांध, बांधाला दार, दाराला लोखंडी झडप,
आणि झडपेशेजारच्या पंपघरात
जोमा मढवी, रातपाळी,
स्टीलचा डबा, चुन्याची डबी.

आता रातपाळी माझी.
खारघरला, तिसऱ्या मजल्यावर, काळोख्या खोलीत,
सूक्ष्मदर्शकाखाली ताटलीत काही हजार पेशी.
त्याही भरतीच्या पातळीखालीच राहतात.
बाहेरचं कॅल्शियम आतल्याच्या दहा हजार पट,
पातळ भिंतीला रेलून उभं.
सगळं आत शिरलं तर पेशी मरते.
थेंबभरही शिरलं नाही तर
नुसती राहते.
वाढत नाही.

म्हणून दार किलकिलं करायचं,
एक घोट आत, की लगेच उपसायला लागायचं.
त्या घोटाचाच निरोप होतो,
केंद्रकापर्यंत जातो : वाढ. दोन हो.
रंग घातला की तो निरोप दिसतो,
हिरवा लुकलुक, विझून पुन्हा,
पाम बीचवर रात्री दोनला
कुणासाठीच नसलेल्या सिग्नलसारखा.

"पन दार खोलतं कोन?"
बाबांनी एकदा जेवणानंतर विचारलं.
म्हटलं, एक प्रथिन. आतल्या कोठारावर बसलेलं असतं.
कोठार रितं व्हायला लागलं की त्याला आधी कळतं.
मग ते भाऊबंद गोळा करतं,
भिंतीकडे सरकतं, कडी काढतं.
"म्हंजे रातपालीचा मानूस," बाबा म्हणाले.
बोटावर चुना होता. तेच ते, मी म्हटलं,
तुमच्या बोटावरचं.
त्यांनी बोट जरा वेळ पाहिलं, मग पानाला पुसलं.

हे नाही सांगितलं,
की माझं काम त्या माणसाला घालवायचं आहे.

सोमवारी त्याचा जनुक गप्प केला.
गुरुवारी कोठार रितं केलं, बाहेर भरती लावली.
दार हललं नाही.
वहीत लिहिलं : ताटली सात. लुकलुक नाही. वाढ नाही.
जागृती टिपणीसनं पाठीवर थाप मारली.
बातमी चांगलीच आहे. या पेशी
कुणाच्या तरी गाठीतून आलेल्या,
यांना थांबणंच माहीत नव्हतं.

पंपघरात तीन वर्षांपूर्वी सेन्सर बसला.
त्याच महिन्यात बाबा घरी बसले.
उधाणाच्या रात्री अजून उठतात,
पलंगाच्या कडेला, पाय फरशीवर टेकवून,
फरशीतून काही वर येतंय का बघत.

आज अमावास्या. उधाण साडेबाराला.
बारा चाळीसला माझा फोन थरथरतो.
"झडप लागली ना गो?"
मला इथून खाडी दिसत नाही.
"लागली, बाबा."
"बराय," ते म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत.

ताटली सातमध्ये काळोख आहे.
मीही दिवा लावत नाही अजून.