कोरी

काताराक्तिस, डॉक्टर म्हणाला. म्हणजे धबधबा.
थेओफानी हसली: अरे, हे कालिम्नोस,
इथं साधा ओढा नाही,
आणि धबधबा माझ्याच डोळ्यात सापडला?
नवरा तिचा स्पंज काढायला तळाशी उतरायचा,
त्याच्याही नजरेत कधी एवढं पाणी नव्हतं.

मग त्यानं थेंब घातले.
थांबा जरा, कोरी मोठी होऊ दे.

कोरी. आपल्या कानाला रिकामा कागद.
त्यांच्याकडे, बुबुळातला काळा ठिपका.
आणि मुलगीही.
फार पूर्वी कुणीतरी
कुणाच्या तरी डोळ्यात अगदी जवळून पाहिलं असणार
आणि तिथं दिसलं असणार एक बोटभर माणूस.
आपण बाहुली म्हणतो, ते तरी आणखी कशावरून?

थेओफानी भिंतीला टेकून बसली.
सगळं धूसर, दारातला उजेड टोचणारा.
माझी तर केव्हाच झाली मोठी, ती म्हणाली,
डार्विनला असते.
तिची पोरं फोनवर इंग्रजीतून लाजतात.

डॉक्टरनं टॉर्च पेटवला,
वाकून आत बघू लागला.
हलू नका.
ती हललीच नाही.
बऱ्याच वेळानं हळूच विचारलं,
दिसतेय का रे?