एका कानाचं काम

पांगारकर मिस्त्री पहाटे चारला बोलावतात.
माझगावात, गोदीच्या भिंतीला लागून गाळा,
शटर अर्धं वर, एकच ट्यूबलाइट.
"सातनंतर या शहरात कार्बोरेटर ऐकू येत नाही, बाय,"
हे ते मला वीस वर्षं सांगत आलेत
आणि वीस वर्षं मी
थर्मासमधून चहा आणत आलेय, आल्याचा, त्यांना साखर कमी.

गाडी सासऱ्यांची. रायली, एकोणसाठची.
घरात कुणालाच नको होती, म्हणून माझी.
बॉनेटखाली दोन कार्बोरेटर,
डोक्यावर पितळेची टोपणं,
एका नळावर दोन बिऱ्हाडं.

आधी इंजिन तापू द्यायचं.
एअर क्लीनर उतरवायचे,
दोघांना जोडणारा दांडा सैल करायचा,
म्हणजे जो तो आपापली हवा घेतो.
मग रबरी नळी, शेगडीची जुनी, हातभर.
एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक कानात.
पुढच्याचं ऐकायचं, मग मागच्याचं,
मग पुन्हा पुढच्याचं,
आणि सारखे होईस्तोवर पाव पाव आटा.
"कान एकच लावायचा," मिस्त्री म्हणायचे,
"दोन कानांनी ऐकलंत तर दोन गाड्या होतात."

हे सगळं मला पाठ.
हात मात्र कधी लावला नव्हता.

आज त्यांनी नळी कानाला लावली,
पुढे नेली, मागे नेली,
पुन्हा पुढे.
बराच वेळ.
मग स्क्रूड्रायव्हर मडगार्डावरच्या गोणपाटावर ठेवला,
नळीचं टोक सदऱ्याने पुसलं, दोनदा,
आणि माझ्यापुढे धरलं.
"तुम्ही टेलिफोनात होतात ना?"

होते. गामदेवी एक्सचेंज, तेहतीस वर्षं.
ट्रंकच्या लाइनवर पलीकडचा बोलायच्या आधी
इंदूर की इचलकरंजी
नुसत्या खरखरीवरून कळायचं.
रडं आवरून धरलेली माणसं
श्वासावरून कळायची.
आणि तीन मिनिटं झाली,
हे त्यांना सांगायचं काम माझं.

नळी कानात घातली.
पुढचा बारीक, शिटीच्या आधीचा कुकर.
मागचा जाड, घसा बसल्यासारखा.
"मागचा जास्त ओढतोय."
त्यांनी आटा फिरवला.
"अजून."
फिरवला.
"अं, थोडा परत."

मग खालचा नट, सहा पैलूंचा.
एका वेळी एकच पैलू, घाई नाही.
बाजूची पिन केसभर उचलायची:
इंजिन चढलं नि चढूनच राहिलं, तर पेट्रोल जास्त;
कोसळलं, तर कमी;
जरासं चढून पुन्हा जागेवर बसलं, तर सोडून द्यायचं,
त्याच्या वाटेला जायचं नाही.

तेवढ्यात बंदरात एका जहाजाने भोंगा दिला.
लांब, छातीत घुमणारा.
मी दचकले, नळी हातातून सुटली.
भिंतीवरचे कावळे उठले.
मिस्त्रींनी मानसुद्धा हलवली नाही.
ते माझ्याकडे बघत होते,
नळी का सुटली म्हणून.

मी नळी पुन्हा कानात घातली.
पुढचं "थोडा परत" मी म्हटलंच नाही.
नुसत्या भुवया उचलल्या.
त्यांनी आटा परत घेतला, पाव,
बरोबर जितका हवा तितका.

किती दिवस झाले असतील?
मागच्या खेपेला गाडी पेडर रोडच्या चढावर
खोकत होती, आणि मी पेट्रोलला नावं ठेवली होती.

दांडा आवळला. दोन्ही एका दमात.
प्लग काढून पाहिले, चारही मारी बिस्किटाच्या रंगाचे.
मिस्त्रींनी तळवा इंजिनावर पालथा ठेवला,
तापाचं पोर बघावं तसा,
आणि तिथेच राहू दिला.
मग माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पहिला टँकर गेला, शहर सुरू झालं.
मी ट्यूबलाइटखाली सरकले,
चेहरा नीट उजेडात येईल अशी,
आणि सावकाश म्हटलं,
"चहा घ्या. थंड होतोय."